वाव

तपासणीचा कागद तालुक्याहून आला तेव्हा
नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते
आणि तिसरीच्या वर्गातले सहा जण
होड्या ढकलायला गेले होते.
उरलेल्यांना मी एकेक करून व्हरांड्यात बोलावलं.
एक मिनिट, एक उतारा, मोबाइलचं घड्याळ.
कुंपणावर कुणाची तरी जाळी वाळत होती.

तनिष कुबल पाचवा आला.
वर्गात सगळ्यांत मोठ्या आवाजात वाचणारा,
पाहुणे आले की मी ज्याला उभं करते तो.
पुस्तकातल्या धड्यावर तो कधी अडखळला नव्हता.
हा उतारा पुस्तकातला नव्हता.

त्याने चित्र शोधलं. चित्र नव्हतं.
माझ्या ओठांकडे पाहिलं.
मग "एक होती" म्हणाला, थांबला,
आणि पुढची गोष्ट स्वतःच रचू लागला.
बरी होती, कागदावरच्या गोष्टीहून बरी,
तीत एक शिंगाळा होता आणि एक पोलीस.

घड्याळ वाजलं.
अचूक शब्द: तीन.

म्हणजे हा पोरगा कानांनी वाचत होता,
पहिलीपासून,
आणि मी लाल शाईत 'उत्तम' लिहीत होते.

"बाई, माका नापास करतल्यात?"

नाही रे, यात नापास नसतं, मी म्हणाले.
परिपत्रकात तसं लिहिलं होतं,
पण माझा तरी कुठे विश्वास होता? मी परभणीची.
आमच्याकडे परीक्षा म्हणजे निकाल,
आणि निकाल म्हणजे पेढे नाहीतर मार.

संध्याकाळी बंदरावर त्याचा आजा भेटला, भिवा कुबल,
दोर वळत बसलेला. सांगितलं.
बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला,
"आदी यंत्रा खय होती?
शिशाचो गोळो दोरयेक बांधून सोडूचो,
मगे कळता, हय चार वाव, थय सात.
पाण्याक कोण नापास करता?"

वाव. मला ठाऊक होता तो शेऱ्यातला,
'सुधारणेस वाव आहे', प्रगतिपुस्तकात, तिरक्या अक्षरात.
म्हाताऱ्याने दोन्ही हात पसरून दाखवला:
या बोटापासून त्या बोटापर्यंत
एक वाव.

दुसऱ्या दिवशी मी गोळा पुन्हा सोडला, हळू.
अक्षरं वेगळी, काना-मात्रा वेगळ्या.
ब आणि व, घ आणि ध, म आणि भ
त्याला जुळे भाऊ.
जोडाक्षर आलं की बुडालाच.
कान ठीक होते. डोळ्यांचं कळेना,
म्हणून ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली.
(चष्मा लागला नाही. त्याला जरा वाईट वाटलं.)

मग रोज मधल्या सुट्टीआधी वीस मिनिटं
तो, आरिफा सोलकर आणि घाड्यांचा विराज,
पोषण आहाराच्या खोलीत,
तांदळाच्या पोत्यांवरचं छापील वाचत.
कधी होड्यांवरची नावं.
कधी बर्फाच्या कारखान्याची पाटी, जिचा रफार उडालाय.
दर पंधरवड्याला एक मिनिट.
तीन. सात. सात. सहा.
सहाच्या दिवशी मी घरी जाऊन रडले.
कागदावर त्यासाठी रकाना नाही.
पुढे अकरा. एकोणीस.

आता फेब्रुवारी संपतोय.
त्याचा आवाज लहान झालाय. तो गडगडाट गेला.
बोट ओळीवर, ओठ हलतात, शब्द येतो,
ओहोटीच्या खडकांवरून
शेवाळ चुकवत चालावं तसा.
एका जागी "बारा सुटला" म्हणाला,
थांबला, मागे आला,
आणि माझ्याकडे न बघता
वारा सुटू दिला.

एकतीस, मी लिहिलं.
तिसरीच्या मुलाने याहून जास्त वाचायला हवं,
कागद म्हणतो. खरं आहे.

शनिवारी केंद्रप्रमुख येणार आहेत.
दप्तर भरता भरता तनिष विचारतो,
"बाई, मीच वाचू काय?
पण सावकाश वाचतलंय."